‘ड्यून’च्या साम्राज्यातले ग्रह आणि त्यांचे महत्त्व

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वीस वर्षांत त्यांनी त्याच मालिकेत आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या. या मालिकेतले आंतरतारकीय साम्राज्य संपूर्णपणे मानवी आहे. त्यात परग्रहावरच्या बुद्धिमान जमाती नाहीत. जे काही आहे ते दूरदूरच्या ताऱ्यांभोवती वस्ती करून राहिलेल्या माणसांचेच आहे, आणि ज्या पृथ्वीवरून ही माणसे निघाली ती आता केवळ एक जुनी आठवण उरली आहे. पहिल्या कादंबरीची मुख्य घटना घडते तेव्हा तिथल्या कालगणनेनुसार १०१९१ हे वर्ष चालू असते.

नव्याने वाचणाऱ्याची किंवा नव्याने चित्रपट पाहणाऱ्याची पहिली अडचण ग्रहांच्या नावांची असते. अराकिस, कायटेन, साल्युसा सेकंडस, कॅलडन, गीडी प्राइम, इक्स, ट्लेलॅक्स ही नावे भराभर कानावर पडतात आणि कोणता ग्रह कोणाचा, हे पाठ करण्यातच सगळी शक्ती खर्च होते. माझ्या मते नावे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक ग्रहाबाबत दोन प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे: इथे असे काय आहे जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि ते बंद पाडण्याची ताकद कोणाच्या हातात आहे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच त्या साम्राज्यात ग्रहाचे मोल ठरते. हे समजावून सांगताना कथानकातली मोठी वळणे उघड करावीच लागतात, म्हणून ज्यांना कादंबरी कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी आणि मग इकडे वळावे.

ग्रहांकडे वळण्यापूर्वी राज्यव्यवस्था थोडक्यात पाहायला हवी. सर्वांत वर पादिशाह सम्राट आहे. कथेच्या सुरुवातीला कोरिनो घराण्याचा शडाम चौथा गादीवर आहे. त्याच्याखाली मोठी सरदार घराणी आहेत आणि एकेका घराण्याकडे एकेक ग्रह जहागिरीसारखा आहे. या घराण्यांची सभा म्हणजे लँडस्राड. एकटे घराणे सम्राटासमोर टिकू शकत नाही, परंतु सगळी एकत्र आली तर सम्राटही टिकू शकत नाही. व्यापाराचा सारा नफा चोम नावाच्या एका महाकंपनीतून वाटला जातो आणि तिच्यात सम्राटापासून सरदारांपर्यंत सर्वांचे हिस्से आहेत. तिसरी सत्ता म्हणजे अवकाश-वाहतुकीची मक्तेदारी असलेले गिल्ड. एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे माणूस, माल किंवा सैन्य न्यायचे असेल तर ते गिल्डच्याच जहाजातून जाते आणि गिल्ड मागेल ते भाडे द्यावे लागते.

या मक्तेदारीमागे एक जुने बंड आहे. कथेच्या हजारो वर्षे आधी माणसांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध उठाव केला आणि मानवी मनाची नक्कल करणारे यंत्र बनवणे हे धार्मिक पाप ठरवले. त्यामुळे या साम्राज्यात संगणक नाहीत. अतिवेगाने जाणाऱ्या जहाजाचा सुरक्षित मार्ग शोधण्याचे काम गिल्डचे नाविक स्वतःच्या मनाने करतात, आणि त्यासाठी लागणारी अंधुक भविष्यदृष्टी त्यांना मेलान्ज नावाच्या मसाल्याच्या अतिसेवनातून मिळते. हाच मसाला आयुष्य वाढवतो, म्हणून श्रीमंत घराणी तो रोज खातात. आणि एकदा शरीराला त्याची सवय लागली की तो सोडणे म्हणजे मरण. संगणकावरची बंदी, वाहतुकीची मक्तेदारी आणि मसाल्याचे व्यसन ही एकात एक अडकलेली साखळी ध्यानात घेतली की पुढचे सगळे आपोआप उलगडत जाते.

राजधानीचा ग्रह कायटेन. इथे सम्राटाचा दरबार भरतो आणि इथूनच फर्माने निघतात. तरीही पहिल्या कादंबरीतला एकही प्रमुख प्रसंग इथे घडत नाही. हर्बर्ट यांनी हे जाणूनबुजून केले असावे असे मला वाटते. कायटेनवर जे आहे ते सगळे बाहेरून आणलेले आहे. सम्राट उद्या आपला दरबार दुसऱ्या ग्रहावर घेऊन गेला तर साम्राज्याच्या कारभारात फारसा फरक पडणार नाही, आणि अशी हलवाहलव याआधी एकदा झालेलीही आहे. सिंहासन जिथे आहे तिथे सत्ता दिसते, पण सत्तेचे मूळ तिथे नाही.

ते मूळ अराकिसवर आहे. वाळवंटामुळे याच ग्रहाला ‘ड्यून’ म्हणतात. मेलान्ज मसाला साऱ्या विश्वात फक्त इथेच मिळतो आणि त्याला पर्याय नाही. कथेच्या आधी ऐंशी वर्षे हा ग्रह हार्कोनन घराण्याकडे होता, पण तो जहागीर म्हणून नव्हता, चोमच्या करारानुसार मक्त्याने दिल्यासारखा होता: मसाला काढा, ठरलेला वाटा द्या, उरलेले ठेवा. मक्तेदाराला जमिनीची माया नसते, आणि हार्कोनन घराण्याने तिथल्या लोकांना जसे वागवले त्यात ते उघड दिसते. नंतर सम्राट हाच ग्रह अट्रायडीस घराण्याला पूर्ण जहागीर म्हणून देतो. वरवर पाहता ही बढती आहे. प्रत्यक्षात ड्यूक लेटो अट्रायडीस लँडस्राडमध्ये फार लोकप्रिय झाला आहे आणि त्याच्या सैन्याची तुकडी सम्राटाच्या खास सैन्याच्या तोडीची होऊ लागली आहे, म्हणून त्याला त्याच्या मजबूत घरातून उठवून अनोळखी जागी आणायचे आणि तिथे हार्कोनन घराण्याकरवी संपवायचे, असा तो डाव आहे.

मसाला अराकिसवरच का तयार होतो, हे समजून घेणे सर्वांत रंजक आहे, कारण इथे हर्बर्ट यांनी एक अख्खे जीवचक्र रचले आहे. वाळूखाली ‘सँडट्राउट’ नावाचे लहान जीव असतात आणि ते मिळेल ते पाणी आपल्या शरीरांनी वेढून कोंडून ठेवतात. त्यांची विष्ठा आणि पाणी यांच्या मिश्रणातून जमिनीखाली एक लगदा तयार होतो, त्यात वायू साचत जातो आणि अखेर तो फुटून वाळूवर उसळतो. वरच्या उन्हात आणि हवेत त्या लगद्याचा मसाला होतो. याच लहान जीवांपैकी जे जगतात त्यांचे पुढे प्रचंड वाळू-अजगर होतात. खोल वाळवंटातले काही अजगर चारशे मीटरांहूनही लांब असतात. ग्रहाच्या हवेतला प्राणवायूदेखील याच अजगरांमुळे टिकून आहे. मात्र पूर्ण वाढलेल्या अजगराला पाणी विषासारखे असते. म्हणजे लहान जीव पाणी कोंडतात, त्यामुळे वाळवंट टिकते. वाळवंट टिकते म्हणून अजगर जगतो. आणि अजगर आहे म्हणून मसाला आहे. अराकिसवर एके काळी उघडे पाणी होते याची खूण म्हणून तिथे मिठागरांसारखे क्षारपट्टेही सापडतात.

या चक्राला एक फार गंभीर बाजू आहे. त्या वाळवंटात फ्रेमेन नावाचे लोक राहतात. ते घामाचा आणि श्वासातला ओलावा परत मिळवणारा पोशाख घालतात आणि मेलेल्या माणसाच्या शरीरातले पाणीही टोळीच्या साठ्यात जमा करतात. बाहेरून आलेल्या एका ग्रह-शास्त्रज्ञाने, पार्डो काइन्सने, त्यांना अराकिस हिरवा करण्याचे स्वप्न दिले आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा लिएट काइन्स ते काम पुढे नेतो. गवत लावून वाळूचे ढिगारे स्थिर करायचे, मग झुडपे, मग झाडे, आणि ग्रहाच्या एका लहानशा भागात हिरवाई स्वतःच्या बळावर टिकली की पुढचे चक्र आपोआप फिरेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्याला काही शतके लागतील हे त्यांना माहीत आहे. पण हे स्वप्न पूर्ण झाले तर अजगर मरतील आणि अजगर मेले तर मसाला संपेल. फ्रेमेनांना हवा असलेला अराकिस आणि साम्राज्याला हवा असलेला अराकिस हे एकाच वेळी असूच शकत नाहीत. या मालिकेतला सर्वांत खोल संघर्ष मला हा वाटतो. घराण्यांची वैरे त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

या कल्पनेचा उगम खऱ्या जमिनीत आहे. १९५७ साली हर्बर्ट अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या गावाजवळच्या सरकत्या वाळूच्या टेकड्या पाहायला गेले होते. तिथे गवत लावून वाळू थोपवण्याचा सरकारी प्रयोग चालू होता. त्यावरचा नियोजित लेख कधी प्रसिद्ध झाला नाही, पण त्यासाठी केलेल्या अभ्यासातून ही कादंबरी उभी राहिली. पुढे १९८० साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी अराकिसवरच्या टंचाईची तुलना खनिज तेलाच्या टंचाईशी केली आणि चोमचे साम्य तेल-निर्यातदार देशांच्या ‘ओपेक’ या संघटनेशी असल्याचेही सांगितले. तेव्हा अराकिसची गोष्ट वाचताना तेलाची आठवण झाली तर ती वाचकाची कल्पना नाही. लेखकानेच ती दिशा दाखवलेली आहे.

अराकिसचे दुसरे रहस्य आकाशात आहे. या ग्रहाभोवती हवामानाचे उपग्रह नाहीत, त्यामुळे दक्षिणेकडच्या खोल वाळवंटात किती लोक राहतात हे हार्कोनन घराण्याला कधीच कळले नाही. उपग्रह का नाहीत? कारण फ्रेमेन गिल्डला मसाल्याची लाच देतात आणि आकाश रिकामे ठेवून घेतात. डोंगररांगेतली एकमेव खिंड ज्याच्या ताब्यात असते त्याला दोन्ही बाजूंच्या गावांवर राज्य करावे लागत नाही, तशी गिल्डची स्थिती आहे. आणि त्या खिंडीच्या राखणदारालाच फ्रेमेनांनी विकत घेतलेले आहे. ज्यांना सारे साम्राज्य भटके आणि दरिद्री समजते ते लोक साम्राज्याचे खरे अर्थकारण दरबारातल्या मुत्सद्द्यांपेक्षा चांगले ओळखून आहेत.

आता साल्युसा सेकंडस. हा साम्राज्याचा तुरुंग-ग्रह आहे आणि अराकिसनंतर मी याच ग्रहाला महत्त्व देईन. पूर्वी कोरिनो घराण्याचा दरबार इथेच होता. तो कायटेनला हलवल्यानंतर या ग्रहावर कैदी पाठवले जाऊ लागले. इथले हवामान आणि जीवन इतके कठोर आहे की नव्याने आलेल्या कैद्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मरतात, असे कादंबरीत सांगितले आहे. जे वाचतात त्यांच्यातून सम्राटाचे सरदौकार सैनिक घडतात, आणि ज्या सैन्याच्या धाकावर कोरिनो घराणे गादीवर टिकून आहे ते हेच सैन्य. म्हणजे सम्राटाची खरी संपत्ती कायटेनच्या महालात नाही, तर जिथे कोणीही स्वेच्छेने जाणार नाही अशा या ग्रहावर आहे. लोकांना हे कळू नये म्हणून तो केवळ तुरुंग असल्याचा देखावा ठेवला जातो.

इथे हर्बर्ट यांचे एक ठाम मत दिसते: खडतर जागा कठीण माणसे घडवतात. अट्रायडीस घराण्याचा बुद्धिमान सल्लागार थुफिर हावात हाच धागा पकडतो. साल्युसावरचे कैदी सरदौकार होत असतील, तर त्याहून कोरड्या आणि निर्दय वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या जगलेले फ्रेमेन काय असतील? ड्यूक लेटोने अराकिसची जहागीर धोका ओळखूनही स्वीकारली, त्यामागे हीच आशा आहे. हार्कोनन घराण्याच्या प्रमुखाला मात्र हे उशिरा सुचते, आणि तेही अर्धवट. अराकिसचाही तुरुंग-ग्रह करावा, असा विचार तो सम्राटाच्या दूतापुढे सहज बोलून जातो, आणि आपण सम्राटाच्या सर्वांत नाजूक जागी बोट ठेवले आहे याची त्याला जाणीवही नसते. साल्युसाचे रहस्य माहीत नसेल तर तो संवाद किरकोळ वाटतो. माहीत असेल तर अख्ख्या कादंबरीतला तो एक कळीचा प्रसंग ठरतो.

अट्रायडीस आणि हार्कोनन या दोन घराण्यांचे मूळ ग्रह एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. कॅलडन हा समुद्राचा, पावसाचा आणि भातशेतीचा ग्रह. तिथे अट्रायडीस घराण्याने सव्वीस पिढ्या राज्य केले. गीडी प्राइम हा हार्कोनन घराण्याचा कारखान्यांनी आणि गुलामगिरीने व्यापलेला ग्रह, आणि तिथली वनस्पतींची वाढही क्षीण असल्याचे कादंबरीच्या परिशिष्टात नमूद आहे. कथेत या दोन्ही ग्रहांना जागा बरीच मिळते, पण साम्राज्याच्या हिशेबात दोन्ही सामान्यच आहेत. तांदूळ दुसऱ्या ग्रहावर पिकतो, कारखानेही दुसरीकडे उभारता येतात. कॅलडनचा उपयोग मुख्यतः तुलनेसाठी आहे: जिथे पाण्याकडे कोणी लक्षही देत नाही अशा जगातून आलेला ड्यूक लेटोचा पंधरा वर्षांचा मुलगा पॉल जेव्हा पाण्याच्या थेंबासाठी माणसे मारली जातात अशा जगात पोहोचतो, तेव्हा वाचकही त्याच्याबरोबर ते नवे जग शिकतो. २०२४ च्या चित्रपटात गीडी प्राइमवर काळा सूर्य दाखवला आहे. ती दिग्दर्शकाची भर आहे, मूळ पुस्तकातली नाही.

उरलेल्या ग्रहांपैकी काहींचा नुसता उल्लेख पुरेसा आहे. वॅलाक नऊ या ग्रहावर बेने गेसेरिट या स्त्री-संघाची मूळ शाळा आहे. या संघाने शतकानुशतके घराण्यांच्या सोयरिकी जुळवून मानवी वंशांची पैदास आपल्या हातात ठेवली आहे. ट्युपिल हे पराभूत घराण्यांचे आश्रयस्थान आहे. तो एक ग्रह आहे की अनेक, हे फक्त गिल्डला ठाऊक आहे, आणि त्यामुळे हरलेला प्रत्येक सरदार शेवटी गिल्डचाच मिंधा होतो. एकाझ नावाच्या ग्रहावरून शिल्पकारांना हवे असलेले एक विशेष लाकूड येते.

इक्स आणि ट्लेलॅक्स यांच्याकडे मात्र लक्ष ठेवावे. पहिल्या कादंबरीत हे दोन्ही कडेला आहेत, आणि हर्बर्ट यांनी पुढची मोठी उलथापालथ नेमकी यांच्याच हाती दिली आहे. इक्स हा यंत्रांचा ग्रह. यंत्रबंदीच्या काळातही तो बंदीच्या अगदी काठावर वावरत राहिला, कारण सगळ्यांना त्याच्या वस्तू हव्या असतात. ट्लेलॅक्सचे लोक शरीराचे कारागीर: मेलेल्या माणसाच्या पेशींपासून तोच माणूस पुन्हा उभा करणे आणि रूप बदलणारे हेर घडवणे हे त्यांचे धंदे. दोघांकडेही साम्राज्य तिरस्काराने पाहते आणि दोघांकडूनही खरेदी करते.

या काल्पनिक ग्रहांपैकी कित्येकांचे तारे खरे आहेत. कादंबरीनुसार कॅलडन डेल्टा पॅव्होनिस या ताऱ्याभोवती फिरतो. तो आपल्यापासून सुमारे २० प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याशी बराच मिळताजुळता आहे, त्यामुळे ही निवड पटण्यासारखी आहे. अराकिसचा सूर्य म्हणजे आपला अगस्त्य. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव ज्या ताऱ्याला आहे त्याच ताऱ्याभोवती लेखकाने निर्जल ग्रह ठेवावा, हा मराठी वाचकाला सुखावणारा योगायोग आहे. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ती जागा अवघड आहे. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर असून सूर्याच्या जवळजवळ दहा हजार पट प्रकाश देतो, आणि इतके तेजस्वी तारे आपले इंधन लवकर संपवतात. गुंतागुंतीची जीवसृष्टी घडायला लागणारा अब्जावधी वर्षांचा काळ त्यांच्याकडे नसतो. ब्रिटनमधल्या हवामान-शास्त्रज्ञांनी संगणकावर अराकिसचे हवामानही तपासून पाहिले. त्यांच्या प्रारूपात विषुववृत्ताजवळचा पट्टा तुलनेने सुसह्य निघाला आणि ध्रुवांकडचे प्रदेश उन्हाळा व हिवाळा दोन्ही ऋतूंत जीवघेणे ठरले. कादंबरीत वस्ती ध्रुवांकडे आहे, त्याच्या हे बरोबर उलट आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावरील मैदानांना आणि चक्रव्यूहासारख्या भूभागांना मात्र अधिकृतपणे याच मालिकेतल्या ग्रहांची नावे देण्यात आली आहेत. तिथे अराकिस नावाचे मैदान आहे.

कथेकडे परत येऊ. पहिल्या कादंबरीच्या शेवटी पॉल सम्राटाला हरवतो. त्या लढाईत फ्रेमेन आणि अजगर आहेत हे खरे, पण निर्णायक गोष्ट वेगळीच आहे. मसाल्याचे चक्र कायमचे तोडण्याची पद्धत पॉलला माहीत आहे आणि ती वापरण्याची त्याची तयारी आहे, हे गिल्डला पटते, आणि तिथे सम्राटाचा खेळ संपतो. सुरुवातीला विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न इथे पहिल्यापेक्षा मोठा ठरतो, कारण मसाला काढणारे पुष्कळ होते, तो नष्ट करू शकणारा एकच होता. पदच्युत सम्राटाला पॉल साल्युसावर पाठवतो आणि त्या ग्रहाची कठोरता कमी करून तो बागेसारखा करण्याचे वचन देतो. दयाळू वाटणाऱ्या या वचनाचा अर्थ स्पष्ट आहे: जिथे जगणे सोपे होईल तिथे पुन्हा सरदौकार घडणार नाहीत.

पॉलची राजधानी अराकिसवरच राहते. सिंहासन आणि मसाला प्रथमच एका ठिकाणी येतात आणि त्याचा परिणाम भयानक होतो. त्याच्या नावाने पेटलेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मरतात, ९० ग्रह निर्जीव होतात आणि आणखी ५०० ग्रहांचे मनोधैर्य खचते. हे आकडे दुसऱ्या कादंबरीत पॉल स्वतः सांगतो. त्याचा मुलगा लेटो दुसरा साडेतीन हजार वर्षे राज्य करतो. त्याच्या काळात अराकिस खरोखर हिरवा होतो, अजगर संपतात, वाळवंटाचा जेमतेम एक तुकडा राखून ठेवला जातो आणि साठवलेला मसाला लेटो मोजून वाटतो. पण या कोंडमाऱ्यामागे त्याचा हेतू असा असतो की माणसाने कंटाळून, चिडून सर्व दिशांना पांगावे, इतके की एखादा ग्रह, एखादा पदार्थ किंवा एखादा राजा पुन्हा कधी साऱ्या मानवजातीचा गळा आवळू शकणार नाही.

हे घडवून आणण्यात कडेला राहिलेले ते दोन ग्रह पुढे येतात. इक्स असे यंत्र बनवतो जे नाविकाशिवाय जहाजाला मार्ग दाखवते, आणि गिल्डची मक्तेदारी मोडते. ट्लेलॅक्सचे कारागीर आपल्या टाक्यांमध्ये मसाला तयार करू लागतात, आणि अराकिसची मक्तेदारी मोडते. तोवर अराकिसवर पुन्हा वाळवंट पसरलेले असते, अजगर परतलेले असतात आणि त्याचे नावही घासून ‘राकिस’ झालेले असते. पाचव्या कादंबरीत तो ग्रह नष्ट केला जातो. पहिल्या कादंबरीत अशा घटनेने सारी मानवजात जागच्या जागी थांबली असती. आता ती थांबत नाही, आणि बेने गेसेरिट आपल्या गुप्त ग्रहावर वाचवून आणलेल्या अजगरापासून नवे वाळवंट तयार करण्याच्या कामाला लागतात.